चार पावसाळे बागेत उभा राहिलेला मिनी ट्रॅक्टर: कुठून सुरुवात करायची?

प्रश्न थोडक्यात असा: सांगोल्याजवळच्या डाळिंब बागेत 18 एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर चार पावसाळे लिंबाखाली उभा आहे. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला तर फक्त ‘टक’ वाजतं. अवजार उचलणारी मागची लिफ्ट तर ट्रॅक्टर बंद पडायच्या आधीपासूनच उचलत नव्हती. एक जण सांगतो मोठ्या ट्रॅक्टरला बांधून ओढा. दुसरा म्हणतो सरळ बोरिंग करा, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करा, आणि रंग मारून घ्या. नेमकं काय करावं?

ओढू नका, हे आधी. सायलेन्सर उभा असेल आणि त्याला टोपी नसेल, तर पावसाचं पाणी थेट खाली उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो त्यात शिरतं. तिथं पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरतात, कधी पाणी तसंच साठून राहतं. पाणी दाबलं जात नाही. मोठ्या ट्रॅक्टरच्या ताकदीनं चाकं फिरली की पिस्टन वर यायला बघतो, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा रिंगेचा तुकडा पडून लायनर खरवडतो. चार दिवसांच्या धीरानं सुटलं असतं असं इंजिन पाच मिनिटांत बोरिंगला जातं.

शिवाय इंजिन खरंच जाम आहे का, हे अजून ठरलेलंच नाही. ‘टक’ हा आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचा. बॅटरी पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी कमकुवत आहे, किंवा सेल्फ जाम धरून भरमसाट करंट खेचतोय. ती 12 च्या वर तशीच राहिली आणि नुसतं ‘टक’ वाजलं, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. तेव्हा आधी अर्थिंगची पट्टी काढा, चॅसिसवरची जागा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासा आणि पुन्हा आवळा. डाळिंबाच्या बागेतल्या ट्रॅक्टरला ही अडचण नेहमीची आहे, कारण तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, फवारलं जातं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं. अल्युमिनिअमचंही तेच होतं. टर्मिनलवर हिरवट-निळी बुरशी दिसली तर वायरीचं टोक कापून आतली तार बघा. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या वायरीत तार काळी पडून तिची भुकटी झालेली सापडते.

यानंतर गिअर न्यूट्रलला ठेवा, फॅन बेल्ट काढा आणि क्रँक पुलीच्या मधल्या नटावर पाना लावून हातानं फिरवून बघा. बेल्ट काढायचा कारण कधी फक्त वॉटर पंप किंवा अल्टरनेटरच धरलेला असतो. पान्याला स्प्रिंगसारखा उलटा दाब जाणवला, तर ते कॉम्प्रेशन आहे आणि इंजिन मोकळं आहे. भिंतीला लावल्यासारखा पाना जागचा हललाच नाही, तर इंजिन जाम.

जाम असेल तर तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) काढा. काढण्यापूर्वी आजूबाजूची माती हवेनं उडवा, नाहीतर ती भोकातून आत पडते. नोझलखालचे कॉपर वॉशर मोजून घ्या आणि बसवताना नवेच वापरा. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 ते 40 मिली सोडा. तीन-चार दिवस जाऊ द्या, रोज थोडं आणखी घाला. मग पान्यानं पुढं-मागं, पुढं-मागं अगदी थोडा दाब द्या. दोन फुटांपेक्षा लांब पाइप पान्याला लावू नका. पहिल्यांदा केसाइतकं हलतं, मग हळूहळू वाढत जातं. एकाच दिशेनं जोर लावला तर गंजाचा चुरा रिंगेत अडकतो. सुटल्यावर भोकांवर फडका टाका, तोंड बाजूला ठेवा आणि दोन पूर्ण फेरे फिरवा. आतलं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. ओतलेलं डिझेल झिरपून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलेलं असतं, म्हणून इंजिन ऑइल आता काढायचंच. ड्रेन प्लग सैल करताना पहिला घोट पाण्याचा आला तर घाबरायचं कारण नाही, चार पावसाळ्यांत ओल साचतेच. प्लगला चंदेरी किंवा पितळी चुरा चिकटलेला दिसला तर मात्र बेअरिंग बघावे लागतील.

आठवडाभरात हललं नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढा, त्याला पर्याय नाही. लायनरवर गंजाचा नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून तो निघतो. नखाला अडकणारा खड्डा असेल तर बोरिंग किंवा नवा लायनर. बोअर गेजनं माप घ्यायला सांगा. अशा लहान इंजिनात 0.15 मिमीच्या पुढं झीज असेल तर नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया. हेडची पातळीही सरळपट्टीनं तपासा: 100 मिमीत 0.05 मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग करून, म्हणजे तो पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. सोलापूर यंत्रमागांचं शहर असल्यानं एकेक सुटा भाग मापानुसार करून देणारे लेथवाले इथं मिळतात, पण त्यांना जुना भाग दाखवल्याशिवाय काम देऊ नका. जपानी घडणीच्या लहान इंजिनांत एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या बेअरिंगांचं माप वेगळं असू शकतं. इंजिन नंबर सांगून पार्ट मागवा, आणि नवा बसेपर्यंत जुना फेकू नका.

बोरिंग करायचं की नाही हे मिस्त्रीच्या अंदाजावर ठेवू नका, कॉम्प्रेशन गेज लावून ठरवा. प्री-चेंबरच्या, म्हणजे हीटर प्लग असलेल्या लहान डिझेल इंजिनात चांगलं कॉम्प्रेशन चौरस सेंटीमीटरला साधारण 28 ते 32 किलो असतं. 24 च्या खाली गेलं तर सकाळी सुरू व्हायला त्रास होणारच. तिन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. व्हॉल्व्ह असेल तर ग्राइंडिंग पेस्टनं व्हॉल्व्ह बसवून काम भागतं आणि बोरिंगचा सगळा खर्च वाचतो. उभ्या राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीटवर गंज बसून दाब सुटणं नेहमीचंच आहे, आणि वीस-पंचवीस तास काम केल्यावर कॉम्प्रेशन आपोआप सुधारलेलंही दिसतं. त्यामुळे इंजिन सुटलं असेल तर आधी चालवून बघा, फोडायचं की नाही ते मग ठरवा.

आता हवेचा फिल्टर. नव्या रिंगांचे पैसे सर्वांत लवकर वाया जातात ते इथंच, आणि नेमकं याच भागाकडे कुणी वळून बघत नाही. आपल्याकडची उन्हाळ्यातली माती पिठासारखी उडते. त्यातले वाळूचे बारीक कण आत गेले की तेलात मिसळून रिंगा आणि लायनर घासतात. ऑइल बाथ फिल्टर असेल तर खालची वाटी काढून सगळा गाळ खरवडा, वरची जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या, आणि वाटीत इंजिनचंच तेल नेमकं खुणेपर्यंत भरा. कमी भरलं तर धूळ अडत नाही. जास्त भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन स्वतःच्या तेलावर पळायला लागलं की चावी बंद करूनही थांबत नाही. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (इंजिनात हवा शिरते त्या तोंडापर्यंतचा) रबरी होज काढून आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही चांगला असला तरी हवा कुठूनतरी चोरून येतेय. तडकलेला होज आणि सैल क्लिप दोन्ही बदला. रोटाव्हेटर चालू असेल त्या दिवसांत वाटी रोज उघडून बघायची, आणि तळाशी अर्धा इंच गाळ झाला की तेल बदलायचं. सायलेन्सर, ब्रीदर आणि फिल्टरच्या तोंडात कुंभारीण माशीची मातीची घरटी असतात, खारीनं काथ्या कोंबलेला असतो. तार घालून सगळं मोकळं करा.

दुसरी मोठी गोष्ट कूलिंगची. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 42 ला टेकतो, आणि बागेत ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो, म्हणजे समोरून वारा मिळतच नाही. सगळा भार रेडिएटरवर पडतो, आणि त्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. त्या जड पाण्यातला चुना नळ्यांच्या आत थर धरून बसतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवा आणि लिटरला 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड घातलेलं पाणी भरून, इंजिन चालू झाल्यावर मंद वेगात अर्धा तास फिरवा. काढून टाका, दोनदा साध्या पाण्यानं धुवा, मग लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी फिरवून पुन्हा धुवा. गढूळ तपकिरी पाणी येत राहिलं तर हे सगळं आणखी एकदा. कॉस्टिक सोडा वापरू नका. हेड किंवा पंपाचं अंग अल्युमिनिअमचं असेल तर तो ते खातो. बाहेरून रेडिएटरच्या पात्यांत धूळ, तेल आणि फवारणीचं मिश्रण मिळून पेंड झालेली असते. ती फॅनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हवा मारून काढायची. उलट मारलात तर आणखी घट्ट बसते.

गरम होतंय म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाका, असा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासची वाटही आवळली जाते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनात येतो आणि भर उन्हात इंजिन उलट जास्त तापतं. थंडीत ते गरमच होत नाही, न जळालेलं डिझेल लायनरवरून तेलात उतरतं. गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मोमीटरसोबत थर्मोस्टॅट टाकून बघा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. उघडला नाही तर नवा घ्या. रेडिएटरची टोपी बदलून टाका: 0.9 किलोची चांगली टोपी दाब धरते आणि पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळू देत नाही. तिचं रबर कडक झालं की 100 लाच वाफ होते. शेवटी तयार मिळणारं कूलंट भरा. वर घालायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ठेवा, बोअरचं एक तांब्यासुद्धा नको. बेल्ट अंगठ्यानं मधोमध दाबला तर 10 ते 12 मिमी खाली गेला पाहिजे.

डिझेलची टाकी उतरवून घ्या. तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ असतोच. मूठभर बारीक खडी आणि थोडं डिझेल घालून टाकी हलवून हलवून धुवा, खडी मोजून बाहेर काढा, दोन-तीनदा खळखळून घ्या. गळकी टाकी वेल्डिंगला देणार असाल तर ती नीट वाफेनं धुतल्याशिवाय हात लावू न देणाऱ्या माणसाकडंच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते. फिल्टर नवा, डिझेलचे रबरी पाइप नवे. डिझेल पंप घरी उघडू नका. प्लंजर आणि बॅरलमधली जागा काही मायक्रॉनची असते, तिथं कॉटन वेस्टचा एक धागाही नुकसान करतो. पण एक तपासणी तुम्हीच करायची: स्टॉपची दांडी ओढली-सोडली की पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) मोकळा हलतो का ते बघा. जुन्या डिझेलच्या चिकट्यानं रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेला असेल, तर सुरू होताच इंजिनचा वेग आवरत नाही. नोझल पंपवाल्याच्या बेंचवर तपासून घ्या. प्री-चेंबरच्या इंजिनात ते साधारण 120 ते 150 किलोला सुटतात, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला धरा. फवारा हाताच्या पंजावर कधीही बघू नका. तो कातडीत घुसतो आणि बोट कापावं लागण्यापर्यंत वेळ येते.

हीटर प्लगच्या वरची पट्टी काढून एकेक मीटरनं मोजा. एक ओहमच्या आसपास असेल तर चालू, काहीच दाखवलं नाही तर तुटलेला. तीनपैकी दोन गेले असतील तर जानेवारीतल्या सकाळी पांढरा धूर येत राहतो आणि लोक उगाच पंपाला दोष देतात.

सुरू करण्याच्या दिवशी नवं 15डब्ल्यू-40 ऑइल आणि ऑइल फिल्टर, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट पुस्तकातल्या मापावर. हवा काढताना क्रम पाळा: फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट. बुडबुडे थांबले की पुढचा. आता स्टॉप ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये एक मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टॉप सोडायचा नाही. कोरड्या बेअरिंगवर पेटवलेलं इंजिन त्या पहिल्या मिनिटातच म्हातारं होतं. हाताशी एक जाड सपाट फळी ठेवा आणि एक माणूस मॅनिफोल्डच्या तोंडाशी उभा करा. इंजिन पळायला लागलं तर तोंडावर फळी दाबून हवा बंद करायची. हात किंवा फडका लावायचा नाही, दोन्ही आत ओढले जातात. त्यासाठी पहिल्या वेळी फिल्टरचा होज काढून ठेवायचा, आणि धूळ उडणार नाही अशा जागी हे करायचं.

पहिल्या पाच मिनिटांत भरपूर धूर येईल, ओतलेलं तेल जळतं ते. त्यानंतरचा धूर वाचायचा. डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल: हीटर, नोझल किंवा कॉम्प्रेशन. पांढरा धूर आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. निळा धूर तेलाचा, काळा धूर हवा कमी किंवा नोझल ठिबकणारं. दहा तासांनी हे ऑइल टाकून द्या आणि पुन्हा नवं भरा. जुना गाळ या तेलात सुटून आलेला असतो.

चार वर्षांत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटलेली असणार. पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावून रात्रभर ठेवा. तेवढ्यानं सुटली नाही तर इंजिन गरम करून बंद करा, मोकळ्या रानात वरच्या गिअरमध्ये घाला, पेडल दाबून सुरू करा आणि दोन्ही ब्रेक एकत्र जोडून जोरात दाबा. ट्रॅक्टर सुरू होताच चालायला लागतो, म्हणून समोर माणूस, जनावर, विहीर काही नको. तरीही सुटली नाही तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. एकदा केलाच तर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, सगळं एकाच वेळी बदला. मजुरी या भागांपेक्षा जास्त जाते.

लिफ्टचं: आधी तेल बघा. गिअर लिव्हरची रबरी टोपी फाटलेली असेल तर पाणी तिथून गिअर बॉक्समध्ये जातं आणि तेल दुधासारखं होतं. अनेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स आणि लिफ्टचं तेल एकच असतं. तिथं यूटीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स आणि लिफ्ट दोन्हींना चालणारं तेल लागतं, आणि कुणीतरी स्वस्तात म्हणून दाट गिअर ऑइल भरलेलं असेल तर लिफ्टच्या पंपाला ते ओढवत नाही. तेल काढा, सक्शनची जाळी धुवा, सक्शन पाइपच्या ओ-रिंगा बदला. पंप किंकाळल्यासारखा वाजत असेल आणि तेलाला फेस येत असेल, तर हवा तिथूनच ओढली जातेय. एवढ्यावर निम्म्या लिफ्ट उचलायला लागतात. रिकामी उचलते पण रोटाव्हेटर लावला की थांबते, तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप झिजला. उचलते पण इंजिन बंद करताच खाली बसते, तर पिस्टनची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. लिफ्टखाली काम करताना अवजाराला ठोकळा लावल्याशिवाय हात घालू नका.

टायर बाजूनं तडकलेले असतील तर चारही बदला, आणि माप तेच ठेवा. फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचं प्रमाण ठरलेलं असतं. फक्त पुढचे टायर वेगळ्या मापाचे घातले तर पुढच्या एक्सलची बेव्हल गिअर ताणली जाऊन तुटतात. डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा.

रंग सगळ्यात शेवटी, पहिल्या मोसमानंतर. घाईत रंगवलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. डिझेल आणि साबणानं धुवा, गंज तारेच्या ब्रशनं काढा, फॉस्फोरिक अॅसिडचा गंज-रोधक लावा, मग प्रायमर आणि दोन हात. धूळ नाकात जाणार नाही असा मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. वाळूचा मारा इंजिनाजवळ नको. ग्रीस निपल, चॅसिस नंबर आणि रेडिएटरची पाती झाकून घ्या. मोठा खर्च करण्याआधी तो चॅसिस नंबर आरसी बुकाशी जुळवून घ्या. इंजिन ब्लॉक बदलायची वेळ आली तर आरटीओत नोंद करावी लागते. सांगोल्याकडच्या गाड्यांना एमएच-13 किंवा एमएच-45 यांपैकी जी पाटी असेल त्या कार्यालयात.

डाळिंबाच्या 4.5 बाय 3 मीटरच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून या मशीनवर खर्च करणं योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त पैसे असे लावा: हवा, कूलिंग, डिझेल, मग क्लच आणि लिफ्ट. पहिले पन्नास तास फवारणी आणि हलकी ट्रॉली एवढंच काम द्या. पीटीओच्या, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या, शाफ्टवरचं झाकण तुटलेलं असेल तर पंप जोडण्याआधी नवं बसवा, मिनिटाला 540 फेऱ्यांच्या वेगानं फिरणारा तो शाफ्ट धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर क्षणात ओढतो. रोटाव्हेटर त्यानंतर, पहिल्या पावसानं जमीन मऊ झाल्यावर. भर मे महिन्यात वाळलेल्या काळ्या मातीत तो लावू नका.